एका माणसाच्या कण्या

"एका माणसाचं रांधणं म्हणजे काय? फायलीले नाडा बांधण्याइतकं सोपं!"

देवमननं हे वाक्य शनिवारी दुपारी अकोल्याच्या कचेरीत, चार कारकुनांच्या देखत, चहाच्या एका घोटासंगं ठोकून दिलं. आता गड्याहो, खरं सांगतो, तोपर्यंत देवमननं जन्मात एकदाच काडी लावली होती, अन् तीबी चुकून काकाच्या कडब्याच्या गंजीले! पण बोलला. बोलावंच लागलं, कारण खिशात मायचं पत्र होतं.

देवमन बार्शीटाकळीकडचा. नोकरीले लागून चार महिने झाले होते. राहायले सात खोल्यांच्या लाईनीत एक खोली, अन् जेवायले नत्थुजीची खानावळ. पण मायले त्यानं काय लिहावं? "माय, फिकीर करू नको. मी रोज हातानं रांधतो. जवारीच्या कण्या तं अशा करतो का तुह्या हातच्या वाटतात!" काही गरज होती काय? काहीच नव्हती! पत्राच्या खाली दोन ओळी जागा उरली होती, म्हणून भरली. कारकुनाले कोरा कागद पाहवत नाही, दुसरं काय!

त्या दोन ओळींचं उत्तर आलं. अक्षर धाकट्या भावाचं, पण आवाज केशरबाईचाच. "रविवारी दहाच्या मोटारीनं येतो. तुह्या हातच्या कण्या खाऊन पाहतो. जमत असन तं राय. नसन जमत तं बोचकं बांध अन् माह्यासंगं चाल. घरून रोज येजा कर."

येजा कर! सांगायले सोपं. गावाकडची शेवटची मोटार सहाले सुटे, अन् देवमनचा टायपिंगचा क्लास सहालेच भरे. टायपिंगची परीक्षा नाही तं नोकरी पक्की नाही. म्हणजे समजा, देवमनची सारी नोकरी मायच्या एका घासावर येऊन बसली होती!

अन् आणखीन एक गोष्ट होती, जी त्यानं कचेरीत कोणाले सांगितली नाही. घरी ते नऊ जण. केशरबाई रांधे, वाढे, अन् सगळे उठले की सराट्यानं, म्हणजे उलथण्यानं, रिकाम्या गंजाचं बूड खरवडून खरवड खाये. लहानपणी देवमनले वाटे, मायले खरवडच आवडते. सातवीत गेला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं का, ज्याच्या वाट्याले रोज खरवडच येते त्याले ती आवडून घ्या लागते. तं त्यानं ठरवलं होतं. या रविवारी माय पहिले जेवीन. गरम जेवीन. अन् ते रांधलेलं असन फक्त तिच्यासाठी, एका माणसासाठी! त्यासाठी पहिल्या पगारात घेतलेली नवी थाळी त्यानं तीन महिने कागदात गुंडाळून ठेवली होती.

रविवारी सहाले उठला. थंडी अशी का विहिरीतलं पाणीबी अंगावर काटा घेऊन बसलेलं. पहिला सवाल, एका माणसाले कण्या किती? देवमन शेजारच्या पार्बताबाईकडं गेला. ती ओट्यावर सुपात डाळ पाखडून राहिली होती.

"मावशी, कण्या शिजवाच्या तं किती घ्या लागतात?"

"किती जणाले?"

"एकाले."

पार्बताबाईचं सूप थांबलं. "एकाले म्हणजे?"

"म्हणजे एकाले. एक माणूस."

"अन् बाकीचे कुठं गेले?"

"बाकीचे नाईतच, मावशी!"

"असं कसं बाप्पा? घर होय का धर्मशाळा?" पार्बताबाईले खरंच वाईट वाटलं. "हे पाय, आमी अकरा जण हाओ. आमाले दोन शेर लागतात. अन् वरून एक मूठ येणाऱ्या-जाणाऱ्याची. एकाचं मले नाई माईत. म्या कधी एकाचं चुलीवर ठेवलंच नाई."

देवमननं कानावरची पेन्सिल काढली अन् दोन शेराले अकरानं भागलं. शून्य पूर्णांक एक, आठ, एक, आठ, एक, आठ... कण्या संपतीन पण आठ संपत नव्हते! अन् येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मुठीचा अकरावा भाग म्हणजे पाहुण्याच्या हातावर ठेवायले दीड चमचा!

मंग तो लाईनीच्या शेवटच्या खोलीत पंजाबरावकडं गेला. पंजाबराव म्हणजे लग्नाचा आचारी. तेल्हाऱ्यापासून मोर्शीपर्यंत जिथं मांडव तिथं पंजाबराव. लगीनसराई लागायची होती, म्हणून गडी दारापुढं बाजेवर बसून मिशीले तेल लावून राहिला होता.

"एक पान?" पंजाबराव असा हासला का बाज कुरकुरली. "अबे, पाचशे पान सांग. हजार पान सांग. तेल्हाऱ्याले म्या दोन हजार पान उठवलं, बुंदीचा एक दाणा कमी नाई पडला! एक पान तं म्या कावळ्यालेबी वाढलं नाई, कावळेबी चार येतात!"

"पण पंजाबभाऊ, काही तं अंदाज..."

"अंदाज-बिंदाज काही नसते. दोन गोष्टी ध्यानात ठेव. घट्ट झालं तं पाणी टाक, पातळ झालं तं धान्य टाक. माही सारी जिंदगी याच्यावर निघाली!"

"अन् मीठ?"

"मीठ माणसामागं. माणसामागं एक चिमूट. त्यात इकडं-तिकडं नाई पायजे."

गड्याहो, या जगात देवमनले त्या दिवशी एवढी एकच गोष्ट चोख समजली. माणसामागं एक चिमूट. ध्यानात ठेवा हे!

आता राहिल्या कण्या. त्या होत्या लाईनीतल्याच डोमाजीकडं. डोमाजी धान्यबाजारात मापारी. पस्तीस वर्षं जवारी मोजली त्यानं. बासष्ट साल होतं, बाजारात किलो आला होता, तराजू आले होते, तं डोमाजीनं आपलं मापटं रागारागानं घरी आणून ठेवलं होतं. देवमन म्हणाला, "काका, कण्या पायजेत, एक मापटं," तं बुढ्याच्या डोळ्यात अशी चमक आली जशी रिटायर झालेल्या बँडवाल्याले कोणी सनई दिली!

डोमाजी मांडी घालून बसला. मापटं भरलं, वर डोंगरासारखी शीग चढवली, अन् गळा काढून पिशवीत ओतलं. "लाऽऽभ!"

आपल्याकडं मोजताना पहिल्या मापाले एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे देवमनले माहीत होतं. त्यानं पिशवी उचलायले हात घातला.

"दोऽऽन!"

"काका, बस! एकच पायजे!"

"लाभावर कोणी थांबते काय, येड्या! घरात बरकत कशी येईन? तीऽऽन!"

"अहो पण काका..."

"मधी बोलू नको. मोजणं चुकते. अन् चुकलं तं मले पुन्हा लाभापासून धरा लागते. चाऽऽर!"

देवमननं तोंड घट्ट मिटलं. पुन्हा लाभापासून धरलं असतं तं पिशवीच फाटली असती! आठ मापटी झाली, पायली पुरी झाली, तेव्हा डोमाजीचा हात थांबला. "पायली पुरी झाल्याबिगर थांबतच नाई हा," तो हाताकडं पाहत म्हणाला. "माहंबी आयकत नाई."

म्हणजे पाहा. एका मायसाठी एक पायली कण्या! देवमननं ठरवलं, मूठभर घेऊ, बाकीच्या संध्याकाळी परत देऊ. अन् पिशवी चुलीच्या बाजूले, हाताशी ठेवली. हाताशी! तिथंच घात झाला.

खोलीपुढं तीन दगडांची चूल मांडली. लहानशी तवली ठेवली, पाणी उकळलं, मायच्या नावानं एक चिमूट मीठ अगदी तोळ्याच्या काट्यानं मोजल्यावानी टाकलं, अन् मूठभर कण्या सोडल्या. वाकून पाहिलं. काहीच नाही! पूर्णेच्या पात्रात कोणी चार खडे टाकल्यावानी कण्या बुडाशी जाऊन गप पडल्या होत्या.

आता कण्याचं कसं असते, त्या आधी झोपतात, मंग उठतात. हे कोणाच्याबी मायले माहीत असते. पण देवमनची माय मोटारीत होती!

"पातळ दिसून राहिलं, पंजाबभाऊ!" देवमन ओरडला.

"धान्य टाक!" बाजेवरून आवाज आला.

टाकलं. दोन मुठी. पाहिलं. तसंच पातळ. आणखीन दोन मुठी. तेवढ्यात पार्बताबाई घागर घेऊन विहिरीकडं चालली होती. जाता जाता तवलीत डोकावली. "येणाऱ्या-जाणाऱ्याची मूठ टाकली काय?"

"टाकतो, मावशी."

"जाणाऱ्याची एक, येणाऱ्याची एक. येणारा अन् जाणारा एकच थोडी असते!"

तेबी टाकल्या. अन् मंग गड्याहो, कण्या उठल्या!

उठल्या म्हणजे कशा? कापसाच्या जिनातून रुई निघते तशा! निवडणूक तोंडावर होती ना तेव्हा, अन् उमेदवार गावोगाव कसे फुगून राहिले होते, तशा! झाकणी वर उचलली गेली, एका बाजूनं कण्या बाहेर डोकावल्या, अन् चुलीत पडून चर्रर्र झाल्या.

"घट्ट झालं, पंजाबभाऊ!"

"पाणी टाक!"

"तवलीत जागाच नाई!"

"तं तवली बदल! तवलीसाठी काय सैपाक थांबते?"

पार्बताबाईचा जर्मनचा गंज आला. तवलीतलं गंजात गेलं, वरून पाणी पडलं. पाणी जास्त पडलं. म्हणजे काय झालं? पातळ झालं! पातळ झालं म्हणजे? धान्य! धान्य झोपलं तोवर आणखीन धान्य! मंग सगळं मिळून उठलं, तं घट्ट! घट्ट म्हणजे पाणी!

देवमनच्या कपाळावरून घाम, डोळ्यात धूर, हातात सराटा. तो कण्यांच्या हातापाया पडून राहिला होता. "थांबा ना माय! एकाच माणसाले पायजेत! बसा ना खाली!" कण्या फद्‌फद्‌ करून त्याले हासत होत्या. गंज काठोकाठ आला तेव्हा पंजाबरावले राहवलं नाही. बाजेवरून उठला, आत गेला, अन् डोमाजीले हाताशी धरून आपलं लग्नाचं तपेलं उचलून घेऊन आला. तपेलं असं का त्यात वासरू धुवून घ्यावं!

"आता आला सैपाकाले रंग!" पंजाबराव म्हणाला. अन् कोणी काही म्हणायच्या आधी त्यानं गंज अन् डोमाजीची उरलेली पिशवी, दोन्ही तपेल्यात उपडे केले!

साडेनऊ झाले. चुलीत जाळ, वर तपेलं, अन् तपेल्यात एका माणसाच्या कण्या. देवमन त्याच्यापुढं उकिडवा बसला अन् त्याले माय आठवली.

केशरबाई म्हणजे सांडलेल्या जवारीचा दाणा न् दाणा मातीतून वेचणारी बाई. अन्न टाकलेलं पाहिलं तं तिले ताप येई. तिनं हे तपेलं पाहिलं तं एकच शब्द बोलीन, "बोचकं!" बस. टायपिंग गेलं, नोकरी गेली! म्हणजे आता एकच उपाय होता. अर्ध्या तासात तपेलं रिकामं करणं अन् मायपुरतं थाळीत काढून ठेवणं.

पण द्यायचं कोणाले?

इथं देवमन अडला. चार महिने झाले होते त्याले लाईनीत. विहिरीवर सगळे संगंच पाणी भरत, रामराम होई, त्याच्या कडकडीत जय भीमले उत्तरबी मिळे. पण भरलेली ताट-वाटी त्याच्या दारातून कोणाच्या दारात गेली नव्हती. कोणी नाही म्हटलं नव्हतं. कोणी हो म्हटलं नव्हतं. विषयच निघाला नव्हता. अन् त्यानंबी काढला नव्हता. विषय न काढणं हे त्याले कचेरीत लागायच्या लय आधीपासून येत होतं.

तो पार्बताबाईच्या दारापुढं जाऊन उभा राहिला. नुसता उभा. हातात सराटा.

"काहून उभा हाय बे?"

"मावशी... त्या कण्या... जरा जास्त झाल्या."

पार्बताबाईनं मान बाहेर काढून तपेल्याकडं पाहिलं. "जरा?"

"तं म्हटलं..." त्यानं सराटा या हातातून त्या हातात घेतला. "म्हटलं, तुमच्याकडं... चालत असन तं..."

पार्बताबाई त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली. देवमनले वाटलं, वर्ष गेलं. मंग ती आत वळून ओरडली, "अव, ताकाचं मडकं काढा! अन् सगळ्यायच्या वाट्या आणा! ठेचा हाय काय सकाळचा?" अन् देवमनकडं फिरून म्हणाली, "खातो आमी. पण वाट्या तुले धुवा लागतीन, सांगून ठेवतो!"

"धुतो, मावशी! सगळ्या धुतो!" देवमन असा हरखला का सराटा हातात घेऊनच त्यानं नमस्कार केला. मावशीच्या नाकाले कण्या लागल्या!

अन् मंग काय! पार्बताबाईकडचे अकरा आले, त्यायले पाहून पलीकडचे सहा आले, सहाले पाहून आणखीन आले. पंजाबरावच्या अंगात मांडव संचारला. "बसा, बसा! रांगेत बसा! ए, पाय मागं घे! ताक या बाजूनं फिरवा!" डोमाजीनं सराट्यानं वाढायले घेतलं. पहिल्या थाळीत घातलं अन् गळा काढला, "लाऽऽभ!" दुसऱ्या थाळीत, "दोऽऽन!"

देवमन पाणी वाढत पळून राहिला होता. कोणी म्हणे, "वा, देवमनभाऊ!" कोणी म्हणे, "आणखीन वाढ बाप्पा!" एक बुढा म्हणाला, "अशा कण्या मी लहानपणी खाल्ल्या होत्या." देवमन फुगला. कण्या फुगल्या त्याच्यापेक्षा जास्त फुगला! त्या फुगण्याच्या भरात त्याच्या ध्यानातच राहिलं नाही का थाळी अजून कागदातच हाय!

डोमाजीनं "तेहेतीऽऽस" म्हटलं अन् सराटा बुडाले खण्‌कन वाजला.

तो आवाज ऐकून देवमन गर्रकन फिरला. "थांबा! थांबा! मायचं काढायचं हाय!"

"आधी सांगावं ना बे!" पंजाबराव म्हणाला. "मांडवात तपेल्यात शिल्लक ठेवणं म्हणजे आचाऱ्याले कमीपणा!" अन् खरवडबी त्यानं खरवडून डोमाजीच्या थाळीत टाकली होती, अन् डोमाजी ती खाऊन बोटं चाटून राहिला होता. खरवड, गड्याहो! जिच्या नशिबात जन्मभर खरवड होती, तिच्यासाठी आज खरवडबी उरली नाही!

"काव, कोणाचं लगन होय इथं?"

फाटकात केशरबाई उभी होती. डोक्यावर गाठोडं, हातात एक मोठं रिकामं फडकं, देवमनचं सामान बांधायसाठी घरूनच आणलेलं. बाई तयारीनं आली होती!

साऱ्या रांगेचे घास जागच्या जागी थांबले.

"लगन नाई, माय," देवमन पुटपुटला. "मी... कण्या केल्या."

"माह्यासाठी?"

"हाव."

"एकटीसाठी?"

"हाव."

केशरबाईनं तपेल्यात वाकून पाहिलं. आतून तिचंच तोंड चकाकलं, एवढं साफ. "अन् माह्या कुठं हायेत?"

देवमनले वाटलं, चूल दुभंगावी अन् आपण आत जावं. पण चुलीले तीनच दगड, दुभंगणार कशी! पंजाबराव मिशीकडं पाहून राहिला. डोमाजीनं चाटलेली बोटं धोतराले पुसून पाठीमागं लपवली.

तेवढ्यात पार्बताबाई कमरेले पदर खोचून पुढं झाली.

"काहून घाबरून राहिला रे? आमी बाया कुठं जेवलो अजून?"

खरंच की! रांगेत बसले होते ते माणसं, पोट्टे अन् बुढे. बाया वाढून राहिल्या होत्या, ताक फिरवून राहिल्या होत्या, अन् प्रत्येकीनं आपल्यापुरतं घरात झाकून ठेवलं होतं, मागून खायले. जशी केशरबाई आयुष्यभर करत आली तसंच! पार्बताबाई आत गेली अन् वाटी घेऊन आली. पलीकडून दुसरी आली. सहा घरच्या सहा वाट्या आल्या. देवमननं धडपडत थाळीचा कागद फाडला. सहाही वाट्या त्या नव्या थाळीत पडल्या, तं गड्याहो, थाळी काठोकाठ भरली!

केशरबाईनं थाळीकडं पाहिलं. मंग हळूच, फक्त देवमनले ऐकू जाईन असं विचारलं, "यायनं... समद्यायनं खाल्लं? तुह्या हातचं?"

"तपेलं खरवडून खाल्लं, माय."

केशरबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. तो आधीच सारखा होता.

"बसा, बाई," पार्बताबाई म्हणाली.

"म्या कशी बसू? तुमी उपाशी. पयले तुमी घ्या."

"तुमी पाहुण्या. पयले तुमी."

"माह्या पोराचं घर होय, म्या पाहुणी कशी? पयले तुमी!"

"अव, पण कण्या तुमच्यासाठीच केल्या!"

"तं माह्या म्हणून सांगतो, पयले तुमी घ्या!"

पहिले जेवायची सवयच एकीलेबी नव्हती ना! सात बाया उभ्या, मधात थाळी, अन् कोणी बसायले तयार नाही. कण्या थंड होऊन राहिल्या. शेवटी देवमनच ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा मायवर ओरडला. "सगळ्या बसा! एकदमच बसा! मी वाढतो!"

सात बाया एका रांगेत बसल्या. देवमननं त्या थाळीतून सातही जणींले वाढलं. पंजाबराव ताक घेऊन फिरला. कधी बायांच्या पंगतीत ताक वाढलं नव्हतं गड्यानं, पहिल्याच बाईच्या हातावर सांडलं! डोमाजीनं पाण्याचा गडवा धरला. अन् केशरबाईनं सगळ्यांच्या देखत पहिला घास घेतला.

देवमन उभा. सराटा छातीशी. तिच्या जबड्याकडं पाहून राहिला, जसं कोणी निकालाच्या कागदाकडं पाहते.

केशरबाईनं घास गिळला. पोराकडं पाहिलं. "मीठ?"

"टाकलं ना, माय! अगदी मोजून. माणसामागं एक चिमूट!"

"किती माणसायचं?"

देवमन पंजाबरावकडं पाहायले लागला, अन् पाहता पाहता त्याचं तोंड उघडंच राहिलं. एका माणसाचं! तपेलंभर कण्यांत एक चिमूट! सकाळपासून फक्त मीठच त्यानं एका माणसापुरतं टाकलं होतं!

"पण कोणीच सांगितलं नाई मले!" तो रडकुंडीले आला. "तुमी तं म्हणत होते, वा देवमनभाऊ! दोन-दोनदा घेतलं तुमी!"

"मंग काय सांगाव?" डोमाजी म्हणाला. "लेकरू इतक्या हौसेनं वाढून राहिलं होतं. ताकासंगं गेलं खाली."

"माह्या लहानपणीच्या कण्यांतबी मीठ नव्हतंच," तो बुढा म्हणाला. "मले तं लय बरं वाटलं."

अन् केशरबाई हासली. पहिले हळू, मंग पदर तोंडाले लावून, मंग पदरबी सोडून. ती हासली तं पार्बताबाई हासली, अन् मंग सारी लाईन! पार्बताबाईनं मिठाची वाटी आणली, सातही बायांनी आपापली चिमूट घेतली, अन् थाळ्या पुसून खाल्ल्या. केशरबाईनं थाळीत उरलेल्यातलं आणखीन मागून घेतलं. मागून! देवमननं मायले आयुष्यात मागताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मोटारीकडं निघताना तिनं गाठोडं उचललं. ते सामान बांधायचं मोठं फडकं मात्र तिनं घडी घालून देवमनच्या खुंटीले अडकवलं. "राहू दे इथं. तपेल्यावर झाकाले होईन."

"म्हणजे... मी राहू, माय?"

"एकट्यापुरतं तुले येत नाई, ते दिसलं," केशरबाई म्हणाली. "बरं झालं. आलं असतं तं मले रातभर झोप नसती आली."

मोटार फुरफुरत होती. केशरबाई खिडकीशी बसली. देवमन खाली उभा. त्याचं मन भरून आलं होतं. पण कारकून तो कारकून, मनात सकाळपासूनचा सवाल टोचत होता. मोटार हलली तसा तो संगं धावत सुटला.

"माय! एक सांगून जाय! एका माणसाले कण्या किती लागतात?"

केशरबाईनं तोंड उघडलं. मंग मिटलं. बोटं मोजली. हाताची मूठ करून पाहिली, ओंजळ करून पाहिली. कपाळाले आठ्या पडल्या. चाळीस वर्षं रांधलं होतं तिनं, अन् मोटार पार वळणावर गेली तरी तिले उत्तर सापडेना! शेवटी खिडकीतून डोकं बाहेर काढून ती ओरडली,

"मले काय माईत बे! एकट्यासाठी म्या कधी रांधलं? तू पंजाबरावले विचार!"

देवमन हासत हासत घरी आला. आभाळाइतकी छाती! फाटक उघडलं, अन् छाती जागेवर आली. विहिरीपाशी साऱ्या लाईनीच्या थाळ्या, वाट्या, गडवे, जर्मनचा गंज, अन् सगळ्यात मागं पंजाबरावचं तपेलं, त्याची वाट पाहत रांगेत बसले होते. ओट्यावरून पार्बताबाईनं नुसती भुवई वर केली.

देवमननं बाह्या सरकवल्या, राखेची मूठ घेतली, अन् पहिली थाळी घासून पालथी घातली.

"लाऽऽभ!"